‘टीचर, हें खंयसून आयलें?’ : गणित लिहून समजावताना

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात आठवी ते दहावीला गणित शिकवतो. वर्गात मुलांना कळतं, माना हलतात. पण मी लिहून दिलेल्या नोट्स किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली उत्तरं त्यांना कळत नाहीत. रात्री तेच प्रश्न पुन्हा येतात. गणित लिहावं कसं? सोबत नोट्सची दोन पानं जोडली आहेत.

तुमची दोन्ही पानं वाचली. दोन जागा सोडल्या तर गणितात चूक नाही (एक वाटेत येईल, दुसरीबद्दल शेवटी बोलू), आणि अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. तरी मुलं कुठे अडत असतील ते पहिल्या पाच ओळींतच दिसलं. त्या पाच ओळींत एकही क्रियापद नाही.

मी फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला ३१ वर्षं गणित शिकवलं. पहिली काही वर्षं माझंही असंच चाललं होतं. एकदा चतुर्थीच्या सुट्टीनंतर एक मुलगी तापामुळे आठवडाभर उशिरा आली. मैत्रिणीच्या वहीतून तिने सगळं उतरवून घेतलं होतं. मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्याकडे आली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागली, “टीचर, हें खंयसून आयलें?” (हे कुठून आलं?) मी सांगत गेले: वर क्ष धन आहे असं म्हटलंय ना, म्हणून. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, म्हणून. हे मागच्या प्रमेयावरून. अकरा ओळी आणि अकरा वेळा तोच प्रश्न. सातव्या-आठव्या ओळीला माझ्या लक्षात आलं की मी तिला जे सांगतेय त्यातलं काहीच त्या वहीत नाही, आणि तरी मैत्रिणीने फळा अगदी जसाच्या तसा उतरवला होता. जे राहिलं होतं ते माझ्या तोंडात राहिलं होतं.

फळ्यावर आपण लिहितो तेव्हा तोंड सतत चालू असतं. हात बोट दाखवतो, आवाज चढतो-उतरतो, “इथे नीट बघा” म्हणून आपण थांबतो. फळ्यावर उमटतात ती त्या बोलण्याची टाचणं. त्या टाचणांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की बोलणं वर्गातच राहतं आणि मुलांच्या हाती सांगाडा येतो. तुमच्या नोट्स म्हणजे फळ्याचा सुवाच्य फोटो आहे.

ही काही आजची अडचण नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली ती श्लोकांत. पाठ करायला सोपी, पण नियम इतके आटोपशीर की गुरूने तोंडी उलगडून सांगितल्याशिवाय शिष्याला पुढे सरकता येऊ नये. पद्धतच तशी होती, सूत्र पाठ आणि अर्थ तोंडी. जवळजवळ चारशे वर्षांनी, १५४५ मध्ये, कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका, म्हणजे विवरण, लिहिली आणि नियम का खरे आहेत त्याच्या उपपत्ती दिल्या. तोंडातलं कागदावर आणण्याचं कामच त्यांनी केलं. तुम्ही तुमच्या मुलांना सूत्रं देता आहात. टीकाही तुम्हालाच लिहावी लागणार, आणि तिला चारशे वर्षं नाहीत, रात्री आठपर्यंत ग्रुपवर जायला हवी.

आता क्रियापदाचं. गणिताची प्रत्येक ओळ हे वाक्य असतं. फोनवर समोरच्याला वाचून दाखवली तर मराठीत (किंवा कोकणीत, इंग्रजीत) अर्थपूर्ण वाक्य ऐकू यायला हवं. बहुतेक ओळींत ते क्रियापद म्हणजे समान चिन्ह. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ मध्ये ते पहिल्यांदा छापलं. ‘च्या समान आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्याने दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याइतक्या समान दुसऱ्या दोन गोष्टी असू शकत नाहीत. चिन्हाच्या जागी अख्खं वाक्य होतं हे आपण विसरलो.

मराठीत त्यात आणखी एक गोम आहे. हे चिन्ह आपण ‘बरोबर’ असं वाचतो. दोन अधिक तीन बरोबर पाच. पण ‘उत्तर बरोबर आहे’ यातही बरोबर, आणि ‘माझ्याबरोबर चल’ यातही बरोबर. चौथीपर्यंत ‘बरोबर’च्या उजवीकडे नेहमी उत्तर येतं, त्यामुळे मूल ते चिन्ह ‘आता उत्तर सांग’ असं वाचायला शिकतं. आठवीच्या वर्गात एकदा हे देऊन पाहा: ८ + ४ = □ + ५. चौकोनात १२ लिहिणारे निघतात, दरवर्षी. मग याच सवयीतून पुढचं येतं. नारळ २५ रुपयांना, सहा घेतले, वीस रुपये सूट मिळाली, दोघांत वाटणी:

२५ × ६ = १५० − २० = १३० ÷ २ = ६५

उत्तर खरं, पण वाक्य म्हणतं की २५ × ६ आणि ६५ समान आहेत. मुलाच्या डोक्यात ‘मग, मग, मग’ चाललेलं असतं आणि त्या ‘मग’साठी त्याच्याकडे दुसरं चिन्ह नसतं, म्हणून तो हेच वापरतो. तुमच्या दुसऱ्या पानावर, चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणात, तुम्हीही हेच केलंय. घाईत मीही करते. तिथे तीन ओळी करा, किंवा सरळ ‘मग’ लिहा. मी बारावीच्या वर्गातसुद्धा फळ्यावर ‘मग’ लिहीत असे. आधी मुलं हसायची, नंतर तीही लिहू लागली.

दोन ओळींच्या मध्ये काय आहे हे न लिहिण्याचा तोटा एका उदाहरणावरून दाखवते. समजा, √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण सोडवायचं आहे. वहीत असं दिसतं:

√(क्ष + ६) = क्ष
क्ष + ६ = क्ष × क्ष
क्ष × क्ष − क्ष − ६ = ०
(क्ष − ३)(क्ष + २) = ०
क्ष = ३, −२

पाच ओळी, एकही शब्द नाही, आणि उत्तर चुकलेलं. −२ घालून पाहिलं तर डावीकडे √४ म्हणजे २ येतात, उजवीकडे −२. कुठली पायरी चुकली असं मुलाला विचारा, तो सांगू शकणार नाही, कारण एकही पायरी चुकलेली नाही. ओळींच्या मध्ये काही लिहिलेलं नाही, म्हणून तो मनात ‘म्हणजेच’ धरतो, जणू या ओळी खालून वरही जाता येतील. पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना आपण वर्ग केला, आणि वर्ग करणं एकतर्फी आहे, पणजीतल्या अठरा जून रस्त्यासारखं. जाता येतं, त्याच वाटेने परत येता येत नाही. वर्ग समान असले म्हणजे मूळ संख्या समान असतातच असं नाही.

हेच असं लिहा: “क्ष ही या समीकरणाची उकल आहे असं समजू. मग दोन्ही बाजूंचे वर्गही समान असतील, म्हणून क्ष + ६ = क्ष × क्ष. यावरून (क्ष − ३)(क्ष + २) = ०. तेव्हा क्ष असलाच तर तो ३ किंवा −२ असेल. दोन्ही घालून पाहू. ३ घातला तर √९ = ३, जमलं. −२ घातला तर डावी बाजू २, उजवी −२, जमलं नाही. म्हणून उकल एकच, ३.” ‘असलाच तर’ या दोन शब्दांनी पडताळा का घ्यायचा ते सांगून टाकलं. नाहीतर मुलांना वाटतं पडताळा म्हणजे टीचरची हौस, वेळ उरला तर करायची गोष्ट.

अक्षरांची ओळख हा दुसरा मोठा खड्डा. घरी पाहुणा आला तर आधी सांगतो ना, हा अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा? अक्षराचंही तसंच. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते हे दाखवा म्हटलं की चांगली मुलंही लिहितात: २न + १, २न + १, बेरीज ४न + २, सम. आता ३ आणि ५ घ्या. बेरीज ८. आठ हे ४न + २ या रूपात कधीच येत नाहीत, कारण ४ ने भागल्यावर बाकी २ उरायला हवी आणि इथे शून्य उरते. म्हणजे मुलाने दोन विषम संख्या घेतल्याच नाहीत, एकच संख्या दोनदा घेतली. “पहिली संख्या २म + १, दुसरी २न + १, इथे म आणि न पूर्णांक आहेत, ते वेगळे असू शकतात” हे वाक्य लिहायची सवय असती तर ही चूक लिहितानाच दिसली असती. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात, म्हणजे जितकं-तितकं, आणि पुढच्या अज्ञातांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना फक्त या, का, नी, पी. वेगळी राशी, वेगळा रंग. मी यावरून सरळ रंगीत खडू उचलला. दोन विषम संख्यांसाठी फळ्यावर दोन रंग वापरले की ‘तोच न का नाही’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीवर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ज्यावर मला कुणी कधी काही शिकवलं नव्हतं, ती सांगते. मराठीतला ‘च’.

चौरसाचे कर्ण समानच असतात.
चौरसाचेच कर्ण समान असतात.
चौरसाचे कर्णच समान असतात.

पहिलं खरं. दुसरं खोटं, कारण आयताचेही कर्ण समान असतात. तिसरंही खोटं, कारण चौरसाच्या बाजूही समान असतात. शब्द तेच, क्रम तोच, फक्त एक अक्षर जागा बदलतं आणि विधान खऱ्याचं खोटं होतं. ही ताकद आपल्या हातात जन्मापासून आहे. आजी “तूच खाल्लेस ना लाडू” आणि “तू लाडूच खाल्लेस ना” यातला फरक बरोबर करते. मग गणितात तो आपण का वापरत नाही? मी अकरावीच्या मुलांना दहा विधानं देत असे आणि प्रत्येकात ‘च’ कुठे कुठे बसवता येतो, कुठे बसवला तर खरं राहतं, ते शोधायला लावत असे. भूमितीचा व्यत्यास (म्हणजे उलटं फिरवलेलं विधान) ज्यांना वर्षभर कळला नव्हता त्यांना तो त्या तासाला कळायचा.

‘तर’ आणि ‘तरच’ यांचंही तसंच. “संख्येच्या शेवटी शून्य असेल तर तिला ५ ने भाग जातो” हे खरं. “असेल तरच भाग जातो” हे खोटं, १५ बघा. परीक्षेच्या पुस्तकात ‘जर आणि तरच’ हे शब्द आले की मुलं ते मंत्रासारखे पाठ करतात, त्यांना वाटतं जोर देण्यासाठी लिहिलंय. आधी वेगळा ‘तर’, मग वेगळा ‘तरच’, मग दोन्ही एकत्र, या क्रमाने लिहून दाखवलं तर दोन सिद्धता का लागतात हे सांगावं लागत नाही.

जिथे मराठी आपल्याला फसवते ती जागाही ठाऊक हवी. “सगळ्या मूळ संख्या विषम नसतात.” याचा अर्थ काय? एकही विषम नसते, की काही नसतात? बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर कळत नाही. “प्रत्येक मूळ संख्या विषम असतेच असं नाही, उदाहरणार्थ २” असं लिहा. आणि बारावीला सीमा (लिमिट) शिकवताना “प्रत्येक कुलपाला किल्ली असते” आणि “एक किल्ली अशी आहे जी प्रत्येक कुलपाला लागते” ही दोन वाक्यं मी फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवली होती. शिपायाने पुसली तर मुलंच परत लिहायची.

आपल्याकडची खरी गाठ मात्र वेगळी आहे. बऱ्याच मुलांची चौथीपर्यंतची शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून पुस्तक इंग्रजी. पाचवीच्या सुरुवातीलाच अंश-छेद जाऊन न्यूमरेटर-डिनॉमिनेटर येतात, लसावि जाऊन एलसीएम येतो. संज्ञा बदलल्या तर मुलं वर्षभरात सावरतात. सावरत नाहीत ते जोडशब्द. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘असेल तर’, ‘निदान’, ‘जास्तीत जास्त’ हे इंग्रजीत आत्मविश्वासाने लिहिता येत नाहीत, म्हणून मूल ते लिहायचंच सोडून देतं. उरतात नुसती चिन्हं. सत्तरी तालुक्यातून आलेला एक मुलगा अकरावीत माझ्याकडे होता. उत्तरं नेहमी खरी, ओळी तारेसारख्या, एकही शब्द नाही. मला वाटलं हुशारीचा माज आहे. एके दिवशी म्हटलं, तुला पाहिजे त्या भाषेत लिही. दुसऱ्या दिवशी दीड पान आलं, अर्धं मराठी अर्धं कोकणी, आणि त्यात प्रत्येक पायरीचं कारण होतं. मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर बारा जोडशब्द मराठीत आणि इंग्रजीत समोरासमोर लिहून ठेवले. परीक्षेपुरते ते बारा शब्द त्याला पुरले. तुमच्या आठवीसाठी हे पान पहिल्याच आठवड्यात करा, आणि नोट्समध्ये कारणं मराठीत लिहायला लाजू नका, चिन्हं आणि संज्ञा पुस्तकातल्या ठेवा.

संख्यावाचनाचं एका वाक्यात सांगते: संख्या नुसती बोलू नका, बोलतानाच लिहा. एकोणसाठ की एकोणसत्तर यात इंग्रजीत पाढे पाठ केलेलं मूल हमखास गोंधळतं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन आणलं तेव्हा बरीच थट्टा झाली, पण त्रेपन्न ऐकून आधी तीन आणि मग पाच लिहिणारी मुलं मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे मला हसू आलं नाही.

एककांबद्दलही थोडंच. आपल्याकडे प्लॉट ‘तीनशे मीटरचा’ असं सर्रास म्हणतात. चौरस हा शब्द बोलण्यात गळतो आणि मग वहीतही गळतो. त्यातून ‘५ चौरस मीटर’ आणि ‘५ मीटर चौरस’ यात पाचपट फरक आहे हे सांगितलं की वर्ग दचकतो: पहिलं ५, दुसरं म्हणजे प्रत्येक बाजू ५ मीटर, म्हणून २५. आणि लेखी उत्तर वाक्यात द्या. ‘२५’ हे उत्तर नाही. ‘जमिनीचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे’ हे उत्तर.

किती लांब लिहायचं, हे वाचक कोण यावर. जन्माने गोव्याचे असलेल्या दामोदर कोसंबींनी १९४० च्या दशकात गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र मांडलं. आनुवंशशास्त्रात ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. लेख अवघा चार पानांचा होता. त्यांचा वाचक गणित जाणणारा होता, त्याला मधल्या पायऱ्या नको होत्या. तुमचा वाचक नववीतला आहे आणि रात्री साडेनऊला आईचा फोन दहा मिनिटांसाठी त्याच्या हातात आहे. मधल्या पायऱ्या द्या, पण तीन प्रकारे तेच तेच सांगू नका. लिहून झालं की प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि ‘हें खंयसून आयलें?’ विचारा. उत्तर त्याच ओळीत किंवा वरच्या ओळीत नसेल तर तिथे चार शब्द घाला. तुमचं पहिलं पान या हिशोबाने दीडपट होईल, त्याहून जास्त नाही.

फळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सवय तिथूनच लागते, म्हणून सांगते. फळ्याचे उभे तीन भाग करा. डावीकडचा पट्टा तासभर पुसायचा नाही: दिलेलं काय, दाखवायचं काय, कुठलं अक्षर कशासाठी. आपण लहानपणी भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं लिहायचो, तो जुना साचा उत्तम होता. तो फक्त भूमितीपुरता का ठेवला, मला कळत नाही. आधी लिहा, मग बाजूला व्हा, मग बोला. आणि चुकलं तर बोटाने पुसून वर गिरवू नका, रेघ मारून शेजारी लिहा. पुसलेली चूक कशी सुधारली हे मुलांना दिसत नाही.

आता फोन. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांगेतल्या मुलांना नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागत होती. मी वहीच्या आठ पानांचे फोटो पाठवायची आणि ते उघडतच नसत. चार ओळी टाइप केल्या की पोचत. तेव्हा नाइलाजाने टाइप करायला शिकले आणि लक्षात आलं की साध्या ओळीत गणित लिहिणं ही वेगळीच कला आहे. वहीत अपूर्णांकाची रेघच कंसाचं काम करते, फोनवर ती नसते. ‘१/२क्ष’ म्हणजे क्षचा अर्धा की एक भागिले दोन क्ष? (१/२)क्ष किंवा १/(२क्ष) असं लिहा. ‘√क्ष+६’ मध्ये मुळाखाली काय काय आहे? कंस घाला. घाताला टोपी ^ वापरत असाल तर ते आधी एकदा सांगा. तारका गुणाकारासाठी वापरल्या तर व्हॉट्सअ‍ॅप कधी कधी त्यांच्यामधला भाग ठळक करतो आणि तारकाच गायब होतात, म्हणून × वापरा.

दरवर्षी फिरणारं ते कोडं तुमच्याही ग्रुपवर आलं असेल: ८ ÷ २(२ + २) किती? २०१९ मध्ये त्यावर जगभर भांडणं झाली. कुणी १६ म्हणतं, कुणी १. मी मुलांना सांगायची, हे लिहिणाऱ्याला परत पाठवा आणि कंस मागा. त्यात गणित काहीच नाही.

आणखी एक गंमत तुमच्याच मेसेजमधली. तुम्ही ‘उत्तर - ५’ असं लिहिता. तीन मुलांनी त्याखाली ‘सर, माझं प्लस ५ आलं’ असं लिहिलंय. ती डॅश आहे हे तुम्हाला माहीत, त्यांनी ऋण चिन्ह वाचलं. ‘उत्तर ५ आहे’ असं लिहा, क्रियापदही येईल. शिवाय पाचवीपासून इंग्रजी पुस्तक वापरणारी मुलं देवनागरी १ हा ९ समजून वाचतात. गणिताच्या ओळींत त्यांच्या पुस्तकातलेच अंक ठेवा, मराठी वाक्यांत देवनागरी ठेवलेत तरी चालेल.

लाटेक ही संगणकावरची छपाईची प्रणाली शिकायला हरकत नाही, गणित त्यात देखणं छापलं जातं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथने १९७० च्या दशकाच्या शेवटी तिच्या मुळाशी असलेलं टेक हाती घेतलं ते स्वतःच्या पुस्तकाची वाईट छपाई बघून वैतागल्यामुळे. पण आठवीच्या ग्रुपसाठी ते आधी लागत नाही, आणि देखण्या छपाईत शब्द नसलेलं उत्तरही पूर्ण वाटायला लागतं. व्हिडिओ करणार असाल तर कागद वरून दाखवा, लिहिता लिहिता बोला, आणि खाली तीच उकल वाक्यांत टाइप करून ठेवा. मुलं व्हिडिओ एकदा बघतात, परत शोधतात ते लिहिलेलं.

आता ती दुसरी जागा. दुसऱ्या पानावर खालून तिसरी ओळ: “समांतरभुज चौकोनाचेच कर्ण परस्परांना दुभागतात.” त्याखाली सिद्धता आहे, ती अशी सुरू होते: चौकोन समांतरभुज आहे असं धरू. पुढे एकरूप त्रिकोण, सगळं नीट. पण त्याने सिद्ध होतं ते ‘समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतातच’. तुमचा ‘च’ जिथे आहे तिथे तो व्यत्यास सांगतो: ज्या चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात तो समांतरभुज असतो. योगायोगाने तोही खरा आहे, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण त्याची सिद्धता पानावर नाही. ‘च’ उचलून ‘दुभागतात’च्या मागे नेऊन ठेवा, नाहीतर तो तिथेच राहू द्या आणि खाली दुसरी सिद्धता जोडा. मी दुसरी जोडली असती. विरुद्ध कोन आणि दोन त्रिकोण, सहा ओळींचं काम आहे.